मार्गारेटबाईंची ओटी

॥ श्री ॥
सांगली, ता. ८ जुलै २०२४

ती. गं. भा. बाळाबाई अक्कास चंद्राचा शि. सा. नमस्कार.

तुम्ही पाठवलेला पाच किलो कांदा आणि दोन किलो घेवडा पोचला. एसटीचं पार्सलभाडं साठ रुपये पडलं. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून नीलिमाकडची हकिकत पत्रातच लिहिते.

लेकीचं गाव इंग्लंडात असलं तरी आपल्या तासगावाहून लहान. चौकात दगडी खांबांवर चारशे वर्षांची बाजाराची इमारत आहे, भोवती काळ्या लाकडांची वाकलेली घरं. आता पडतील वाटतं, पण आत माणसं चहा पीत बसलेली. गुरुवारी बाजार भरतो. मी अंड्यांचा भाव करायला लागले तर नीलिमानं कोपरानं ढोसलं.

तिची घरमालकीण मार्गारेटबाई. बाळंतपणात नीलिमाला रोज सूप करून घालणारी हीच. निघताना तिची ओटी भरली. नारळ त्या बाजारातलाच, शेंडी नसलेला. तांदूळ, खण, हळदकुंकू सगळं रीतसर. तिनं एप्रन पुढं धरला आणि तिचे डोळे भरून आले.

बसमध्ये नीलिमा म्हणाली, आई, त्यांचे मिस्टर जाऊन नऊ वर्षं झाली. अक्का, बोटात लग्नाची अंगठी होती हो, मी सवाष्ण समजले. तेव्हापासून जिवाला चैन नाही. दोष लागेल का? काही करायला हवं का? तुम्हाला शास्त्र ठाऊक, तुम्हीच सांगा.

तुमची,
चंद्रा

सातारा, ता. १६ जुलै

चि. सौ. चंद्रास अनेक आशीर्वाद.

बिनशेंडीचा नारळ देवीनं चालवून घेतला, तर मार्गारेटबाई का चालणार नाही? दोष नाही. निवांत झोप.

आता लिहायला घेतलंच आहे तर लिहिते. हे गेले त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून तुझ्याकडं आले की तू साडी पिशवीत घालून देतेस, स्वयंपाकघराच्या दारात. बाहेर बायकांच्या ओट्या भरत असतेस. तुझ्या मनात वाईट नव्हतं, मीही कधी बोलले नाही. पण तुझं पत्र वाचून झाल्यावर मी पदर हातात धरून बसले होते. सूनबाई रेश्मा विचारत होती, आत्या, काय झालं. काही न्हाई म्हटलं.

रागावून लिहिलेलं नाही. लोभ आहे तसाच राहू दे.

अक्का

सांगली, ता. २२ जुलै

ती. अक्कास सा. न.

पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा ह्यांना वाचून दाखवायला बसले, पण मधेच थांबले. पुढचं त्यांनीच वाचलं.

नऊ ऑगस्टला श्रावणातला पहिला शुक्रवार. पुरणावरणाला तुम्ही यायचं, आणि पहिली ओटी तुमची. पुढच्या खोलीत, देवासमोर, सगळ्यांच्या देखत. शेजारच्या मनुबाई म्हणाल्या, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, म्हणणारीला त्या दिवशी पुरण मिळणार नाही. हे स्वतः स्टँडवर न्यायला येतील.

ऐनवेळी तुम्हाला नको वाटलं तर मी बळजबरी करणार नाही. पण सात वर्षं मी निवडून दिलं तेच तुम्ही नेसलात, सगळं फिकं. या वेळी खणाचा रंग तुम्ही सांगायचा. उलट टपाली कळवा.

तुमची,
चंद्रा