पायाला बसलेले बूट

६ एप्रिल, रविवार

डोंबिवलीतल्या नोकरदारांनो, तुमची रजा कोण गिळतं ते एकदा मोठ्याने विचारा! बारा महिने राबायचं आणि डोंगर बघायला मोजून नऊ दिवस मिळवायचे!

सभांची सवय. रोजनिशी लिहितानाही समोर खुर्च्या मांडलेल्या दिसतात. पण आज भांडण नाही. कराडहून इथे येऊन महिना झाला आणि आज पहिल्यांदा हे गाव माझं वाटलं. त्र्यंबककाका दरवर्षी नेपाळला ट्रेक नेतात. सलिलने आम्हा नवराबायकोची नावं त्यात घातली. बारा जण, तीन मेला निघायचं. सकाळी सराव म्हणून सॅक पाठीवर घेऊन सोसायटीचे चौदा मजले तीनदा चढलो. माझ्या सॅकमध्ये पुस्तकं होती. सातव्या मजल्यावरची भावना म्हणाली, योगिनीताई, वर ग्रंथालय उघडताय की काय? दहाव्या मजल्यावर तिलाच धाप लागली. मी तिला व्याख्यान दिलं नाही, पाणी दिलं.

८ एप्रिल

नवे बूट घालून आधी शंभर किलोमीटर चालायचं, मगच ते पायाला बसतात. नाहीतर दुसऱ्याच दिवशी फोड. पण वेळ कुणाला आहे? सलिल सहाला घर सोडतो, नवाला परततो. काकांनी सोय काढली आहे. बूट त्यांच्या कोलशेतच्या गोदामात द्यायचे, ‘आपला माणूस’ ते घालून चालून देतो. अकरा जणांनी खुशीत दिले. मी दिले नाहीत. माझ्या पायाचे फोड दुसऱ्याने का सोसायचे? सलिल म्हणाला, “अगं, बूट आहेत ते, मतपेटी नाही.”

मी काकांना विचारलं, तुमचा माणूस एक, मग सहा नंबरचे बूटही त्याला होतात आणि दहा नंबरचेही? काकांनी चहा मागवला.

२० एप्रिल

बूट आले. सलिल म्हणतो, पायाची दुसरी कातडीच. तळाच्या खाचांत खडे अडकले होते, ते मी सुईने काढले. करडे, अभ्रकासारखे चकाकणारे. कोलशेतला खाडीचा चिखल असतो, असे खडे नसतात. वर्तमानपत्रावर ठेवले तर खाली ओल उमटली. बाहेर एकोणचाळीस अंश तापमान आणि खडे बर्फासारखे गार.

२२ एप्रिल

भर दुपारी गोदामावर गेले. रखवालदार रघु म्हणाला, इथे कोणी चालत नाही, ताई. संध्याकाळी बूट मागच्या भिंतीशी ठेवून कुलूप लावायचो. सकाळी ते दाराशी असायचे. ओळीने, टोकं बाहेरच्या बाजूला. कुणाला सांगितलंस का, म्हटलं. तो म्हणाला, सांगून नोकरी घालवू?

२५ एप्रिल

तिसऱ्या मजल्यावरचा प्रफुल्ल गेल्या वर्षी काकांबरोबर गेला होता. घरातही टोपी घालून बसतो. आज बोलला.

नरबहादुर नावाचा पोर्टर होता. पायात कापडी चपला. रोज बूट मागायचा, काका रोज म्हणायचे, पुढच्या वर्षी नक्की. खिंडीजवळ बर्फात त्याला श्वास घेता येईना, तो खाली बसला. ह्यांचं विमान परवाचं, सगळ्यांची रजा सोमवारी संपत होती. त्याचं ओझं वाटून घेतलं आणि उतरले. खालच्या गावातून माणूस पाठवतो म्हणाले.

पाठवला का, मी विचारलं. प्रफुल्लने टोपी काढली. कपाळावर आडवा तांबडा वळ, दोन बोटं रुंद. ओझ्याचा पट्टा कपाळावरून घेतात तिथे.

२८ एप्रिल

सलिल मान पुढे काढून, वाकून चालतो. कपाळावर रेघ उमटली आहे. तुकडीच्या बैठकीत मी उभी राहिले, सगळं सांगितलं, नरबहादुरचं नाव तीनदा घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी मध्येच अडवलं नाही. भावनासुद्धा हसली नाही. अकरा माणसं सतरंजीवर बसलेली. पायात बूट. काकांना फोन लावते आहे, ते उचलत नाहीत.

१ मे

तीन दिवस झाले, सलिल बूट काढत नाही. मी मोजा खाली ओढला — बुटाच्या काठाशी कातडं काळं, गार. हिमदंश. डोंबिवलीत, मे महिन्यात! डॉक्टरकडे चल म्हटलं. म्हणाला, वेळ नाही, वर पोचायचंय. कोणाकडे? तो म्हणाला, बसलाय ना तो.

म्हणजे नरबहादुरला ह्या अकरा जणांना परत येऊ द्यायचंच नाही —

३ मे, सकाळ

बस खाली उभी आहे. सलिल खुर्चीत. डोळे मिटलेले. नाड्या सुटत नाहीत — ओल्या — गोठल्यात. बोटं बधिर होताहेत माझी —

ह्या पानाचा फोटो बाकी दहा घरांना पाठवते आहे. आयांनो, नवऱ्यांनो, पोरांनो, नरबहादुरला बूट देणं लागत होतो, ते आपण नंतर — मी स्वतः नेईन — आधी आपली माणसं —

चाकू नको, मोठी कात्री घ्या. नाड्या कापा. दोन्ही पायांच्या. आत्ता, ते उठून उभे राहायच्या आ