ओढलेला हात

प्रिय ऋजुता,

मराठी वाचताना तुला घाम फुटतो, म्हणून डाव्या हातानं मोठी मोठी अक्षरं काढलीयेत. अडत अडत वाच, पण दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस.

काल दुपारी उमाशंकर आला होता, त्या ट्रकच्या विमा कंपनीचा माणूस. चहा प्यायला, दोन लाडू खाल्ले, मग म्हणतो, मौसीजी, आप तो घर में रहती हैं, कमाई कहाँ है. मी म्हटलं, भिया, देवासपासून सोनकच्छपर्यंत आपल्या लोकांत लग्न निघालं की मांडे माझ्या हातचे लागायचे. तुझ्या साहेबाला बोलाव, ती सैल कणीक कोपरापर्यंत फिरवून दाखवू दे. फाटली नाही तर मी फुकट सही करते. हसला बिचारा. मग खरा कागद काढला.

त्यात लिहिलंय, सळईनं हाताला नुसतं भोक पडलं, नसा तुटल्या त्या भाचीनं हात ओढला म्हणून. तेव्हा पैसे निम्मेच, सही करा, मामला खतम. हे त्यांना सांगितलं कुणी? तूच. दवाखान्यात रडत रडत, मैंने ही मौसी का हाथ बिगाड़ा. वाटलं, पोळपाट घालावा त्याच्या टाळक्यात, आणि मग तुझ्याही.

अगं, तुला काय काय आठवतं? आपण मांडे करायलाच चाललो होतो, गाडी तू चालवत होतीस. पुढचा ट्रक वळण चुकला आणि न बघता मागे आला. सळया बाहेर लोंबत होत्या, लाल फडकंसुद्धा नव्हतं. काच फुटून माझ्या तोंडात गेली. एक सळई तळव्यातून आरपार, टोक आकडीसारखं वाकलेलं. तुझी ओढणी रक्तानं भिजली. आणि त्या हरामखोर ड्रायव्हरनं ट्रक पुढे काढला. सळईत अडकलेल्या हातासकट मी खेचली गेले, गळा फुटक्या काचेला टेकला. तेव्हा तू माझा हात मागे ओढलास. जुनं लुगडं फाडावं तसा आवाज झाला.

सहा महिने तू धारहून इकडे फिरकली नाहीस. फोन केला की ताई म्हणते झोपलीये. इतकं कोण झोपतं? तर तू विसरलीस ते ऐक. ओढ म्हणून मीच ओरडले होते. पहिल्यांदा तू घाबरून सोडलंस, तेव्हा मी तुला आईवरून शिवी दिली, म्हणजे माझ्याच बहिणीवरून. त्या शिवीला भिऊन तू ओढलंस. हात गेला, मान राहिली. उमाशंकरच्या कागदावर मी सहीच्या जागी 'नाही' लिहून दिलंय. मंगळवारी देवासच्या कोर्टात साक्ष आहे. ये, आणि जसं झालं तसं सांग. जजसाहेबांनी विचारलं तर शिवीही सांग, लाजू नकोस.

तुझीच, तोंडाची फटकळ,
लतिका मावशी