फुटाण्यांची वाळू

सारंगखेडे, १९५९

५ जानेवारी
यात्रा उठली. घोडेबाजाराच्या जागेवर आता नुसते खुंटे आणि लीद. रतिभाई पाटलांनी आपल्या वडिलांची जुनी मोटार आज माझ्या शेडात आणून टाकली, बैल जुंपून. बैलांनी ओढलेली मोटार बघायला निम्मं गाव जमलं. त्यांचे वडील गेल्यापासून गाडी कापसाच्या पऱ्हाट्यांखाली पडून होती. मडगार्ड कुजलेले, एक दार नाहीच, बॉनेटची चाळणी. हँडल मारून पाहिलं, इंजिन फिरतं.
शहाद्याच्या डॉक्टरांनी सौ.ला स्पष्ट सांगितलंय, हे बाळंतपण घरी नको, धुळ्याच्या दवाखान्यातच. मार्चअखेर धरून चाला. मागच्या वेळी बैलगाडीने निघालो होतो. दोंडाईचासुद्धा आलं नव्हतं आणि पोर
नको.
रतिभाई म्हणाले, "मिस्तरी, मन्ही गाडी शे तवलोंग वहिनी बैलगाडीम्हा बसाव नही." मोठ्या मनाने बोलले. ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. घाम फुटला. म्हणजे गाडी मी बांधायची आणि तिच्यात बसायचं हिने.

९ जाने.
इंजिन उघडलं. नको होतं तेच. कारब्युरेटरपासून इंजिनाच्या तोंडांपर्यंत हवा-पेट्रोल नेणारा बिडाचा नळा मधोमध तडकलेला. कुणीतरी कधीकाळी त्यात साबण भरून ठेवलाय. साबण!
रतिभाईंनी पूर्वीच मुंबईला माणूस पाठवून विचारलं होतं, या गाडीचा कुठलाच सुटा भाग आता मिळत नाही म्हणे. म्हणजे नळा घरी करायचा. पंपाचा पाईप आहे, जाड लोखंडी पट्टी आहे, दामू तांबट आहे. आणि मी आहे, हीच काय ती अडचण.
नळ्याला कुठे बारीक फट राहिली तर इंजिन फाजील हवा ओढतं, भडका उलटा कारब्युरेटरमधून बाहेर येतो. नंदुरबारला ज्यांच्याकडे शिकलो त्या उस्तादांचे हात पाहिलेत मी, कोपरापर्यंत भाजून गुळगुळीत, एक केस नाही. तेव्हापासून पेट्रोलचा डबा उघडला की मी दोन पावलं मागे सरतो. असा माणूस मोटारमिस्त्री कसा झाला, असं सौ. सगळ्यांना विचारते. मलाही विचारते.

१४ जाने. संक्रांत
सण असून दामू आला. तिळगूळ घेतला, खाल्ला, लगेच ठोकायची लाकडी मोगरी हातात. डांबराची रिकामी पिंपं उभी चिरून सपाट केलीत, त्यातून मडगार्ड काढतोय. आयुष्यभर हंडे-घागरी ठोकल्या, आता मोटार. माझी घाई बघून म्हणाला, "मिस्तरी, पत्राले जोरमा मारं ना, तर तो रुसस." गोल मात्र सुरेख उतरवतो. डावं मडगार्ड बसवलं, उजवं बोटभर वर राहतंय. घागर म्हटली की दोन्ही बाजू सारख्याच, डावं-उजवं त्याच्या हाताला ठाऊक नाही.
सौ. शेडात येऊन उंबऱ्याशी बसली. कुठे बसायचं मी, असं विचारलं. मागच्या सीटची जागा दाखवली. तिथे अजून नुसती फळी आहे. तरी जाऊन बसून पाहिलं तिने. मी उतर म्हणालो, जरा ओरडलोच.

२० जाने.
आज मेलो असतो.
पाईप वाकवायचा तर आत वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी गुट्टे ठोकायचे, मग तापवून वाकवायचा. नाहीतर वळणावर पाईप चेपतो. वाळू तापीची, वरून कोरडी दिसत होती. उन्हात वाळवली होती. पण आत ओल असणार. पाईप लाल व्हायला लागला, आत वाफ कोंडली आणि गुट्टा गोळीसारखा सुटला. दामूच्या कानाजवळून गेला, कुडाला भोक पडलं. दामू खाली बसला. मग म्हणाला, "पाईपना जीव नदीम्हाच ऱ्हायना व्हई." आणि हसायला लागला. मला हसता येईना.
सौ.ला आम्ही सांगितलं नाही. कुडाचं भोक तिने पाहिलं. पोटावर पदर ओढून आत गेली.

२१ जाने.
युक्ती सुचली. मगन भडभुंज्याच्या कढईतली वाळू! रोज भट्टीवर तापलेली, वर्षानुवर्षांची, काळी, भुकटीसारखी. तिच्यात ओल राहीलच कशी? पाटीभर मागून आणली. गरम होती अजून.
भरली, ठासली, तापवली. मी खांबाआड उभा, लाज वाटत होती पण उभा. पाईप लोण्यासारखा वळला. दोन्ही वळणं गोल, कुठे चेप नाही. दामू म्हणाला, मगनचे उपकार. संध्याकाळी मगनला तेवढं सांगून आलो.
आज जरा बरं वाटलं. बरं वाटलं की मला जास्त भीती वाटते.

२९ जाने.
पाईपच्या तोंडांना बसवायच्या पट्ट्या कापून भोकं पाडली. दामूने पितळ वितळवून टाकणखार लावून झाळ दिली. झाळ स्वच्छ, सोनेरी. नळा पाण्यात बुडवून फुंकला, बुडबुडा नाही. पुन्हा फुंकला. दामू म्हणाला, आता काय पाण्यालाच ठेवायचा का? आणखी एकदा फुंकला.

४ फेब्रुवारी
चालू झाली!
रतिभाईंनी नारळ फोडला. मी वाळूची बादली हातात धरून उभा, भडका आला तर ओतायला. आला नाही. पण कानाला बारीक शीळ लागते. कुणाला ऐकू येत नाही, रतिभाईंना नाही, दामूला तर ठोकठोकीने कानच नाहीत. मला येते. नळ्याच्या बुडाशी कुठेतरी हवा शिरतेय. पट्टी काढून पुठ्ठ्याची वायसर पुन्हा कापली. शीळ गेली.
की मन गेलं तिकडून? उद्या पुन्हा ऐकायचं.

८ फेब्रु.
शीळ नाही. खरंच नाही.
नवी भानगड. आमचा नळा जुन्यापेक्षा उंच झालाय, बॉनेट मिटत नाही. दामूने वरच्या पत्र्याला आतून ठोकून फुगवटा काढला, हंडीच्या बुडासारखा. सौ. बघून इतकी हसली की कमरेला हात लावून उभी राहिली. दामू तिला म्हणाला, "वहिनी, हिले बी आठवा महिना लागना." बाकी गावभर आता तेच चाललंय, पाटलांची मोटार गाभण आहे.
मीही हसलो. तिला पुष्कळ दिवसांनी असं हसताना पाहिलं.

१३ फेब्रु.
धुळ्याच्या वाटेवर नदी पायी ओलांडायचा जो उतार आहे, त्यातून गाडी नेऊन पाहिली. पाणी पोटरीला. रतिभाई चालवायला, मी बाजूच्या पायरीवर उभा राहून बॉनेटला कान लावलेला. मधोमध वाळूत मागची चाकं रुतली. रतिभाईंनी जोर दिला, गाडीने गचका खाल्ला आणि दामूचं नवं दार आपोआप सताड उघडलं. त्याच बाजूला सौ. बसणार. पलीकडच्या काठावर चढताच मी उतरून दार चाचपलं. रतिभाई म्हणाले, दाराचं काय एवढं, सुतळीने बांधू. सुतळीने.
दोन कड्या बसवल्या, एक आतून, एक बाहेरून.

१८ फेब्रु.
आता लिहायचं कसं.
मगनकडून खारे फुटाणे आणले होते, तिला आवडतात म्हणून. पुडीच्या तळाशी वाळूचे चार कण होते. ते बोटाने टिपून जिभेला लावले, आपली सवय. खारट. फुटाण्याचं मीठ असेल म्हणून कण धुऊन पुन्हा चाखले, तरी खारट.
तसाच उठून मगनकडे. तो मला वेड्यासारखा बघायला लागला. म्हणाला, "मीठ तर टाकनंच पडस. नही त फुटाना कोन खाई?" पाण्यात मीठ-हळद कालवून चणे भिजवतो, ओलेच वाळूत टाकतो. वर्षानुवर्षांचं मीठ त्या वाळूत. सारं गाव ते फुटाणे खातं, मीही लहानपणापासून खातोय. आणि तीच वाळू मी पाईपात भरून लाल होईतो तापवली. मीठ वितळलं असणार आणि वाळू घेऊन आतून चिकटलं असणार. नळा उलटा करून आपटला होता तेव्हा वाळू पडली सगळी, असं मी धरून चाललो. आत हात जात नाही, डोळा जात नाही.
मीठ ओल धरतं. लोखंड गंजणार, पापुद्रे सुटणार, खडा इंजिनात जाणार. व्हॉल्वखाली एक खडा अडकला की उलटा भडका. कदाचित उद्या. कदाचित कधीच नाही. कदाचित नेमका त्या दिवशी, उतारात.

१९ फेब्रु.
नळा उतरवला. बोट जातं तिथवर फिरवलं, बोट लाल. काचेसारखं काहीतरी खरखरीत चढलंय आत.
रतिभाईंना सांगितलं. सांगताना मान वर होईना. ते चिडतील वाटलं होतं. चिडले नाहीत, ते जास्त वाईट. एवढंच म्हणाले, पुन्हा कर. पुन्हा करायला पाईप नाही, पट्टी नाही, आणि सौ.चे पाय सुजलेत. सासूबाई येऊन राहिल्यात, त्या रोज माझ्या चेहऱ्याकडे बघतात.
दामूला सांगितलं तर म्हणतो कसा, मीठच ना? कढत पाणी ओत, विरघळेल. घागरी धुतल्यासारखं. इतकं सोपं. मला का सुचलं नाही? भीतीने माझं डोकं बंद पडतं.

२१ फेब्रु.
कालपासून कढत पाणी. सासूबाईंनी बाळंतपणासाठी काढून ठेवलेला मोठा हंडा मागितला, त्यांनी काही न विचारता दिला. पाणी ओतायचं, आत साखळी घालून दोन्हीकडून ओढायची, पाणी काढायचं, चाखायचं. आधी खारट आणि तांबूस, मग कमी कमी. आजचं शेवटचं पाणी अगदी गोडं, विहिरीसारखं.
पण दुसऱ्या वळणाच्या पोटात साखळी नीट घासत नाही, वरच्या बाजूने सरकते. तिथे काय आहे ते देव जाणे. झाळ तोडून पाहायचं तर दामूकडे पितळ उरलेलं नाही आणि पुन्हा तशी झाळ बसेल याची खात्री नाही.
सौ.ला शेवटी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "भीती तुमनी शे, पोट मन्हं शे. तुम्ही आते बसवा तो नळा."
तेल चोळून बसवला.

२७ फेब्रु.
रोज सकाळी गाडी चालू करतो आणि बॉनेटच्या फुगवट्यावर हात ठेवून ऐकतो. एकसारखी चालते. काल एकदा खोकली. एकदाच. पेट्रोलमधला कचरा असेल. कारब्युरेटर साफ केला, कचरा निघाला थोडा. पाण्यात टाकला, वाळूसारखा बुडाला. चाखायची हिंमत झाली नाही.

६ मार्च
दामूने दोन्ही मडगार्डं सारखी केली अखेर. रंग लावला, काळा. सौ.ने मागच्या सीटवर गोधडी अंथरून ठेवलीय. सासूबाईंनी चाकाखाली ठेवायला लिंबू आणून ठेवलंय. गाडी आता खरंच गाडी दिसते.
अजून तीनेक आठवडे आहेत. पितळ मागवलंय. आलं की वळण तोडून पाहायचं ठरवलंय, शांतपणे. डॉक्टर म्हणाले तेव्हापर्यंत सगळं नीट होईल.

११ मार्च, नदीच्या दोंडाईचाकडच्या काठावर
आजच. सकाळी भाकरी थापता थापता कळ आली आणि तिने तव्यावरच हात टेकला. सासूबाई म्हणाल्या, निघा. लिंबू राहूनच गेलं.
रतिभाई सदरा घालत धावत आले. मागे सौ. आणि सासूबाई, मी पायरीवर. पहिल्या हँडलला चालू. दोन्ही कड्या लावल्या. उताराशी येईपर्यंत ती दाराच्या चौकटीवरचा माझा हात धरून होती. माझा हात थंड होता की तिचा, कळेना.
पाण्यात मधोमध पुन्हा रुतली, त्याच जागी. मी उतरलो, मागून खांदा लावला. रतिभाईंनी जोर दिला आणि इंजिन खोकलं. एकदा. मग आणखी एकदा. मी डोळे मिटले. भडका नाही. चाकं सुटली, गाडी काठ चढायला लागली. रतिभाई मागे वळून माझ्यासाठी थांबायला बघत होते. चढावर थांबली असती तर पुन्हा चालू झाली असती की नाही, मला ठाऊक नव्हतं. मी ओरडलो, थांबू नका, जा. सौ.ने मागच्या काचेतून पाहिलं. हात वर केला की काच धरली, दिसलं नाही.
मी पाण्यात उभा राहून ऐकत राहिलो. एवढे दिवस या एका आवाजावर कान ठेवलाय मी, गावात कुणाला ऐकू येणार नाही ते मला येतं. बाभळींच्या पलीकडे आवाज बारीक झाला, आणखी बारीक, आणि मग नाहीच. लांब गेला की बंद पडला? हे मला ओळखता आलं नाही. अजून येत नाही.
कपडे ओले. इथे पऱ्हाट्या भरायला आलेला एक गाडीवान आहे. त्याला दोंडाईचापर्यंत नेतोस का म्हणून विचारलं. म्हणाला, "मोटार पुढे गयी ना तुमनी?" मी हो म्हणालो. आता तो बैल जुंपतोय, तोवर हे लिहिलं.
धुळीत चाकांचा माग स्पष्ट आहे, जिथवर नजर पोचते तिथवर. माग आहे तोवर गाडी पुढेच आहे. बैल जुंपले.