धोंडीबांचा उजवा हात

थेरगाव,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय नीलाताईस,
प्रितमचा सप्रेम सलाम वि. वि.

तुझे चार फोन उचलले नाहीत, रागावली असशील. फोनवर तू पहिल्या शब्दालाच ओळखलं असतंस, म्हणून लिहितोय. नेहा बरी आहे, सातवा लागला. चिंचा मागते आणि आणल्या की खात नाही.

आमच्या चाकणच्या कंपनीत जानेवारीत अपघात झाला हे तुला सांगितलं होतं. पूर्ण सांगितलं नव्हतं. पॉवर प्रेसमध्ये हात गेला तर मशीन थांबवणारा एक सेन्सर असतो. तो सारखा अडत होता, माल कमी पडत होता. लाईन लीडर मी. मीच एक वायर जोडून तो बंद केला, तासाभरासाठी म्हणून. तो तीन दिवस बंदच राहिला. चौथ्या दिवशी धोंडीबा नावाच्या आमच्या जुन्या ऑपरेटरच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. लोक त्यांना उचलून गेटकडे पळाले आणि मी, ताई, मी मशीनकडे पळालो. वायर काढून खिशात टाकली.

चौकशीत सेन्सर चालू निघाला. मग धोंडीबांनीच तो चुकवून कडेनं हात घातला असणार, असं ठरलं.

परवा सफरचंदं घेऊन त्यांच्या खोलीवर गेलो. त्यांनी डाव्या हातानं खुर्ची पुसून दिली. म्हणाले, "सायेब, माझंच ध्यान न्हवतं. तुमाला खाली बघायला लावलं." चहा अर्धा ठेवून उठलो.

तेव्हापासून बूड टेकत नाही. घरात बसलो की डांगे चौकापर्यंत चालत जातो आणि तसाच माघारी येतो. चर्चमध्ये गाणं चालू असताना मध्येच उठून चपला घालतो. प्रार्थना एकच करतो, कुणाला कळू नये. काय करू ते लिही.

तुझी माया कमी होईल अशी भीती वाटते. होऊ देऊ नकोस.

तुझा,
प्रितम

श्रीरामपूर,
१७ फेब्रुवारी २०२५

चि. प्रितम यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र दवाखान्यात ड्युटीवर वाचलं आणि एका पेशंटच्या गोळ्या दुसऱ्याच्या खाटेपाशी घेऊन गेले. वेळेत ध्यानात आलं. तुझ्या दाजींना अजून काही बोलले नाही. लहानपणी तुझ्या हातून काच फुटली की तू घरभर हिंडायचास आणि कुणी विचारायच्या आधीच रडायचास. अजून तसाच आहेस.

माझं ऐक. प्रभूसमोर सगळं कबूल कर, तो क्षमा करणारा आहे. पण माणसांसमोर बोलायची घाई नको. नोकरी जाईल, पोलीस येतील. आधी बाळ येऊ दे. धोंडीबांना जमेल ती मदत कर, कारण न सांगता. देव मन बघतो. मी रोज तुझ्यासाठी गुडघ्यांवर असते.

नेहाला चिंचांऐवजी पेरू दे. उत्तर लगेच पाठव, माझा जीव टांगणीला लागलाय.

तुझी काळजी वाहणारी,
नीलाताई

थेरगाव,
९ मार्च २०२५

प्रिय ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

तुझं ऐकायचंच ठरवलं होतं. मागच्या रविवारी चर्चमधली भक्ती संपली, मंडळी चहाला गेली, मी बाकावर राहिलो. म्हटलं, प्रभू, माफ कर, आणि नोकरी राहू दे, आणि पोलीस येऊ देऊ नको, आणि बाळ सुखरूप... तिथंच थांबलो. लाईनवर माणसांना कामं वाटून देतो, तशी मी देवाला देत होतो.

मग गुडघे टेकले. "मी हातातलं सोडतो. तू सांगशील ते करतो," एवढंच म्हणालो. तो काय सांगणार, ते मला आधीच ठाऊक होतं.

भीती गेली नाही. पण पळून जावंसं वाटेना.

नेहाला सांगितलं. तिनं उठून माझ्या युनिफॉर्मला इस्त्री केली. सोमवारी मॅनेजरना लिहून दिलं. त्यांनी कागद परत सरकवला, घरी जाऊन विचार करा म्हणाले. मी तो पुन्हा पुढे सरकवला. मला निलंबित केलंय, पोलिसांतही जबाब झाला. चौकशी नव्यानं होणार आहे.

मग धोंडीबांकडे गेलो. ऐकताना ते पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत होते. त्यांच्या बायकोनं, सुभद्राबाईंनी, माझ्यासमोर ठेवलेला चहा उचलून आत नेला. धोंडीबा म्हणाले, "दोन म्हैने मी मलाच शिव्या घातल्या." मी माफी मागितली. त्यांनी जायला सांगितलं.

घरी आलो आणि नेहाच्या पायाशी लहान पोरासारखा रडलो. तरी ताई, जानेवारीनंतर पहिल्यांदा मला उद्याची भीती वाटत असूनही उद्या हवासा वाटतोय. हे कसं ते मला सांगता येत नाही.

रागावलीस तरी दोन ओळी लिही.

तुझा,
प्रितम

श्रीरामपूर,
१५ मार्च २०२५

चि. प्रितम यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

रागावले. तीन दिवस तुझ्यावर, मग स्वतःवर. पेशंटच्या नातेवाइकांना मी बिनदिक्कत सांगते की देवाच्या हाती सोपवा. माझ्या भावाची वेळ आली तेव्हा मात्र देवाला बाजूला बसवून मीच सल्ला दिला. मी घाबरले होते रे, आणि अजून घाबरलेलीच आहे. तुला शिक्षा झाली तर, या विचारानं भाकरी गोड लागत नाही.

दाजींना सगळं सांगितलं. बाळंतपण इकडेच करू म्हणाले, पुढचं पुढे. मी एक तारखेला येते. तुझ्यासाठी काय मागावं ते कळत नाही, म्हणून सध्या फक्त तुझं नाव घेते आणि गप्प बसते.

नेहाला जवळ घेतलंय असं सांग.

तुझी,
नीलाताई

थेरगाव,
२० मार्च २०२५

प्रिय ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

घाईत लिहितोय. आज धोंडीबांचा फोन आला. आवाज कोरडा होता. सोमवारी कामगार कार्यालयात त्यांच्या भरपाईची सुनावणी आहे. कागदावर लिहिलंस ते तिथं सगळ्यांसमोर तोंडानं सांगशील का, असं त्यांनी विचारलं. मी होय म्हणालो. माझा वकील म्हणतो, त्यानं माझीच केस जड होईल. होऊ दे.

क्षमेचं ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. फोन ठेवता ठेवता म्हणाले, "साडेधाला चाकणच्या स्टँडावर थांब. मला एका हातानं बशीत चढता येत न्हाई."

मी साडेनऊलाच जाऊन उभा राहणार आहे. नाव घेत राहा.

तुझा,
प्रितम