उभ्याचं माप

सोम., ३ नोव्हें.
आईचा उजवा हात मोडला. बाळूनं पाट घातला. ती भाकरी थापत होती, पिठाच्या हातावरच बसला. हाड वाजलेलं मला अंगणात ऐकू आलं. माझा सख्खा धाकटा भाऊ. पाट हिसकायला गेले तर कानाखाली अशी ठेवून दिली की डावा कान अजून गातोय.
मग भावकीतले चौघं आले. काठ्यांनी झोडपला त्याला. इतका, की थांबवायला परत मीच मध्ये. घराच्या मधल्या लाकडी मेढीला नायलॉनच्या दोरीनं बांधून गेले. जाताना म्हणाले, "साकळी आन, शोभे. दोरी तोडतंय ते." पुन्हा आम्हाला हाक मारू नको, हेही सांगून गेले. उपकार झाले.

मंगळ., ४
आईला प्लॅस्टर. बाळूच्या गोळ्यांचं विचारलं तर तोंड फिरवून बसली. गणपतीपासून बंद केल्यात तिनं. "गोळीनं पोरगं लाकडावानी पडून ऱ्हातं. बोलत न्हाई, हसत न्हाई."
आता बोलतोय ना. कानातल्या माणसांशी. आई भाकरीत काचा घालते, असं ती माणसं त्याला सांगतात.
आजपासून गोळ्या मी देणार. आमटीत चुरून.

बुध., ५
कामशेतला दुकानात, कामावर. मी रोज गिऱ्हाइकाला जे विचारते ते आज शेठनी मला विचारलं. "कुणाला हवी? कुत्र्याला, वासराला का म्हशीला?" साखळीचं माप आमच्याकडं असंच. जनावर सांगायचं, जाडी आम्ही काढून देतो.
म्हशीला, म्हणाले.
"म्हैस कधी घेतलीस गं?"
नऊ फूट मोजली, कटर लावला, कडी तुटली. हे काम मला बाळूनंच शिकवलंय. माझ्याआधी या काउंटरला तोच होता. साखळी ताणून मोजायची, सैल मोजली की दुकान बुडतं, असं माझ्या टाळूवर टपली मारून सांगायचा.
संध्याकाळी घातली. पायात, खाली आईच्या लुगड्याची पट्टी, वर कुलूप. मोरीपर्यंत जातो. चुलीकडं मात्र उभं राहून हात लांब केला तरी बोट लागत नाही. दोनदा बघून घेतलं. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन जेवले.

शुक्र., ७
आज मेले असते.
चुलीपाशी लाकूड सारत होते. पाठीमागं साखळी सरकल्याचा आवाज, लक्ष दिलं नाही. तो पोटावर पालथा पडला होता. साखळीचा पाय मागं ताणून, हात पुढं. घोटा धरला माझा. पडले ती कपाळावर. ओढत नेलं आणि केस धरून जमिनीवर डोकं आपटायला लागला. "काचा काढ. काचा काढ." आई नुसती ओरडतेय, एका हातानं काय करणार.
हाताला फुंकणी लागली. लोखंडाची. घातली त्याच्या मनगटावर, मग खांद्यावर. केस सुटले. सुटल्यावरही आणखी हाणल्या. बरं वाटत होतं. हे लिहून ठेवते, कुणाला सांगणार नाही.
जनावर पालथं पडून हात लांब करत नाही. मी माप उभ्याचं घेतलं. माणूस आडवा केवढा लांब होतो, डोक्यातच आलं नाही. दुकानात उभी राहून मोठी अक्कल पाजळते.

शनि., ८
कपाळाला टाके. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, साखळीसकट. भडकल्याच. "माणूस आहे तो. काढा आधी." म्हटलं, बाई, तुम्ही या आणि काढा. मग जरा नरमल्या. बुधवारी सकाळी गाडी येणार, पुण्याला भरती करून घेणार. गोळ्या चुकवू नका म्हणाल्या.
आईला शेजारी नेऊन ठेवते म्हटलं. "माज्या पोराला टाकून मी न्हाई जानार." डाव्या हातानं भाकऱ्या करते. जाड, वाकड्या. आणि मुद्दाम त्याच्या टप्प्यात बसून.

सोम., १०
बाळू जेवला. खांदा काळानिळा झालाय, माझीच करणी. ताट पुढं सारलं तर माझ्या कपाळाकडं बघत राहिला. "म्या केलं?"
व्हय, म्हटलं.
मग साखळी हातात घेऊन एकेक कडी चाचपत बसला, दुकानात बसायचा तसा. "ही म्हशीची हाय," म्हणाला. "तू कापलीस? सैल मोजलीयास." हसला. कितीतरी महिन्यांनी. मी मोरीत जाऊन रडले.

मंगळ., ११
सकाळपासून पुन्हा कानावर हात. भिंतीला दोनदा डोकं मारून घेतलं. दुपारी शांत. मला बोलावलं.
"तीन हात कमी कर."
कशाला, म्हटलं, उद्या गाडी येतीय.
"आज रात हाय ना मदी. त्ये लय बोलत्यात. आईपतुर पोचतोय मी."
मग मोरीला कसा जाशील?
"डबा ठेव. म्हशीला कोन नेतं मोरीत?"
दुकानातून कटर आणलाय. शेठनी विचारलं, आखूड करायची का? हो म्हणाले. खरं तर वाटेत ठरवलं होतं, घरी गेल्यावर सगळीच कापायची. आईही तेच म्हणतेय, एक रात्र तर आहे, सोड त्याला. मोकळा गाडीत बसू दे. आणि एका रात्रीत तिचं काही झालं तर? आणि मी माझ्या हातानं भावाला त्याच्या घाणीत बसवू?
कटर मांडीवर घेऊन बसलेय. बाळू आपणहून पालथा पडलाय. पाय मागं ताणून, गाल जमिनीला, हात चुलीकडं लांब केलेला. बोटं आईच्या पदराला लागतायत. आई मागं सरकत नाही.
"लिवत काय बसलीस," म्हणतोय. "माप घे."