काळी पँट

प्रिय धाकट्या,

परवा तुझ्या बायकोचा फोन आला. रडत होती, म्हणून अर्धंच कळलं, पण तेवढं पुरे झालं. तुलाही प्रोस्टेटचा कॅन्सर. आपल्या बापाने वाटण्या अगदी सारख्या केल्या म्हणायच्या.

माझा कॅन्सर किरणांनी गेला, तो गेलाच. दोन वर्षं मी मिशीला पीळ देऊन हिंडलो. मग एका सकाळी लघवीतून रक्त आलं. किरणांनी मूत्राशयाची आतली कातडी भाजते आणि कधीकधी तिच्यातून उशिरा रक्त गळू लागतं, असं डॉक्टर म्हणाले. माझं रक्त थांबायचं नावच घेत नाही. गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप लावून वाकलो की घात होतो, लाल लघवी सुटते, माप अर्धवट टाकून मोरीत पळावं लागतं. रात्री बायको आणि मी एकाच पलंगावर दोन भाडेकरूंसारखे झोपतो. तिने तक्रार केली असती तर बरं वाटलं असतं.

पण मी शिंपी. स्वतःच्या पँटी स्वतःच बेततो. काळं कापड, बैठकीला दुहेरी अस्तर, मध्ये टॉवेलचा तुकडा. बाहेरून कोणाच्या बापाला कळणार नाही. एकदाच अक्कल गहाण ठेवली आणि भाचीच्या लग्नात हौसेने बदामी पँट घातली. खुर्चीवरून उठलो तेव्हा डाग तुलाच आधी दिसला. दादाला पाळी आली, असं तू भर लग्नात ओरडलास. सगळे हसले. माझी बायकोसुद्धा हसली. त्या दिवसापासून तू मला मेलास.

तुझी बायको आणखी एक बोलली. उपचाराने बरा होशील असं डॉक्टर सांगत असताना तू नाही म्हणतोस. दादासारखं जगण्यापेक्षा मेलेलं बरं, म्हणालास. लग्नातलं हसणं परवडलं रे. सगळ्यांचं माझ्यासारखं होत नाही, हे डॉक्टरांनाच विचार. तुझं झालं तर मात्र मला मनापासून आनंद होईल. सोबत काळी पँट पाठवतोय, अस्तरासकट. कमरेला दोन बोटं जास्त ठेवली आहेत, तू सुटला आहेस. सोमवारी तीच घालून दवाखान्यात जा. तू मेलास तर भर लग्नात मी कोणाकडे बोट दाखवून ओरडू?

तुझाच, अजून जिवंत असलेला,
दादा