पांढऱ्या कार्डाचं गणित

सोमवार, ९ मार्च
दुपारचे तीन

दादा,

साष्टांग नमस्कार. अगदी खराखुरा साष्टांग, कारण गेला पाऊण तास मी टेबलाखाली पालथा पडून एक स्क्रू शोधतोय. सापडला नाही. तू असतास तर म्हणाला असतास, "बारक्या, स्क्रू हरवत नाहीत, माणसं धांदरट असतात."

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. वहिनीचा गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून बरं वाटलं. ठकीला अ‍ॅनिमेशनच्या वर्गात प्रवेश मिळाला हे वाचून तर मी ऑफिसात मोठ्यानं "वा गं पोरी!" म्हणालो. शेजारी चहा पीत बसलेला फोटोग्राफर दचकला आणि त्याच्या शर्टाची वाट लागली. काल-परवापर्यंत माझ्या खांद्यावर बसून माझेच कान ओढणारी ही कार्टी आता चित्रपट बनवणार म्हणे!

फोन का केला नाही, असं वहिनी विचारेल. तिला सांग, फोनवर तू नुसतं "हं" म्हणतोस, आणि त्या "हं"ला मी चौथीपासून घाबरतो. शिवाय आकडे कागदावर बरे.

तर तुझा प्रश्न. ठकीच्या कॉम्प्युटरसाठी ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय, वरच्या दर्जाची दोनच पाहिलीस, काळं घेऊ की लाल? आणि त्याखाली लिहिलंस, "तू सांगशील ते. तुझ्या आकड्यांवर माझा भरवसा आहे." हे वाक्य मी चार वेळा वाचलं. पत्राची शेवटची ओळही वाचली. तिच्याबद्दल मागाहून लिहितो.

आधी पळवण्याचं बोलू. तुला मी काय शिकवणार, पण ठकीला समजावून सांग: ओव्हरक्लॉक करायचं म्हणजे कारखान्यानं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा कार्डाला जास्त पळवायचं. काळं कार्ड पळायला नुसतं उतावीळ. नऊ टक्के जादा वेग हसत देतं, दहावा मागितला की स्क्रीन बंद करून रुसून बसतं. लाल सहा टक्क्यांवरच थांबतं, पण थांबतं तिथे तासन्‌तास टिकतं. ठकीचं एकेक दृश्य तयार व्हायला पाच-सहा तास लागणार. अर्ध्यात बंद पडलं की पोरगी रडणार, आणि तिचं रडू आवरायला तुम्हा दोघांच्या नाकी नऊ येणार.

किंमत म्हणशील तर लाल काळ्याच्या दीडपट. त्यातला बराचसा पैसा दिव्यांचा आहे. खोक्याच्या आत, जिथे कुणी बघायला जात नाही, तिथे सात रंगांचे दिवे लुकलुकतात. नाव मोठं लक्षण खोटं म्हणणार नाही, लक्षणही ठीक आहे, पण दीडपट ठीक नाही.

आता राहिलं कूलिंग. दोन्ही कार्डं मी बंद खोक्यात, चोवीस अंशांच्या खोलीत, अर्धा तास पूर्ण ताणून

चहा घेऊन आलो. खरं तर दोन घेतले.

तुला आठवतं का रे, तू मला सोल्डरिंग शिकवलंस तेव्हा मी कावियाचं तापलेलं टोकच धरलं होतं? मावशी तुझ्यावर ओरडली, आणि तू मुकाट्यानं ऐकून घेतलंस. बोट माझं, मूर्खपणा माझा, शिव्या तुला. आज सकाळपासून हेच का आठवतंय कुणास ठाऊक.

कूलिंगचे आकडे एकदा पडताळून बघतो. उद्या लिहितो.


मंगळवार, १० मार्च
सकाळ

पडताळायचं काही नव्हतं. आकडे मला पाठ आहेत. मी ताकाला जाऊन भांडं लपवतोय, दुसरं काही नाही.

दादा, कूलिंगबद्दल लिहायचं तर मला काळ्या-लालपासून सुरुवात करताच येत नाही. पांढऱ्यापासून करावी लागते.

दोन वर्षांपूर्वी तुमच्या कंपनीचं पांढरं कार्ड आमच्या मासिकाकडे तपासणीला आलं. त्याचं कूलिंग तुझं, तुझ्या चार वर्षांच्या मेहनतीचं. तेव्हाच्या काळ्याशी त्याची तुलना करायची होती. मी तिथेच हात वर करायला हवा होता, की हे माझ्या मावसभावाचं काम आहे, दुसऱ्या कुणाला द्या. केला नाही. मनातून फुशारलो होतो. म्हटलं, दादाचं काम मीच मोजणार.

मेमरीच्या चिपा किती तापतात ते मला आतून मोजायचं होतं. त्यासाठी कार्ड उघडून आत एक बारीक तार बसवतात, आणि चिप आणि कूलर यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी मऊ पट्टी नवी घालतात. आदल्या दिवशी काळं उघडलं होतं, त्या दिवशी पांढरं उघडलं. नवी पट्टी कापली, लावली, स्क्रू पिळले.

निकाल तुला माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत आहे. मुख्य चिप थंड, आणि तिच्या शेजारची मेमरी एकशेदोन अंशांवर! कार्ड आपणहून वेग कमी करायला लागलं. ओव्हरक्लॉक करायला गेलो तर दोन मिनिटांत बंद.

चिप थंड आणि शेजारी तवा, असा आकडा कुठल्याही शहाण्या माणसाला खटकला असता. मलाही खटकला. माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर माझ्याच अक्षरात लिहिलंय: विचित्र आकडा आला की उघडा, बघा, पुन्हा मोजा. आजवर शेकडो कार्डं मी अशी उघडून पुन्हा मोजली. ते एक सोडून.

का सोडलं, ऐक. मला वाटलं, लोक म्हणतील भावाचं कार्ड नापास झालं म्हणून हा पुन्हा पुन्हा मोजतोय. काळ्याला एक संधी आणि पांढऱ्याला दोन? मला ताठ कण्याचा दिसायचं होतं रे. परक्याचं कार्ड असतं तर मी ते उघडलं असतं. तुझं होतं म्हणून नाही उघडलं.

वर विनोदही केला. "रूप गोरं, डोकं तापट." वाचकांना भारी आवडला. दुकानदार गिऱ्हाइकांना ऐकवायचे. मला लोक पाठीवर थाप मारायचे आणि मीही मारून घ्यायचो.

अंक निघाला त्या संध्याकाळी तू फोन केलास. मी घाम पुसत उचलला. तू म्हणालास, "मोजलंस तेच लिहिलंस ना? मग मान खाली घालू नकोस. नात्यासाठी आकडा वाकवला असतास तर कानफटात वाजवली असती."

चार महिन्यांनी एका दुपारी मी ती तार काढून घ्यायला पांढरं उघडलं. तोवर आमचा अंक वाचून गिऱ्हाइकं फिरकेनात म्हणून कंपनीनं ते बाजारातून मागे घेतलं होतं, तुझा विभाग बंद केला होता आणि तू घरी बसला होतास. मऊ पट्टी उचलली तर ती उजेडात चमकली. तू जाणतोसच, नव्या पट्टीला दोन्ही बाजूंना प्लास्टिकची पातळ फिल्म असते, एक निळी आणि एक पारदर्शक. लावण्याआधी दोन्ही सोलायच्या. मी निळी सोलली होती. पारदर्शक तशीच होती. नखानं कोपरा उचलला आणि ती सर्रकन निघून आली.

पाचावर धारण बसली, दादा. मी ती फिल्म मुठीत धरून बाथरूममध्ये जाऊन उभा राहिलो. तुझ्या कूलिंगमध्ये काही चूक नव्हती. माझ्या हातानं तुझ्या कार्डाच्या नाकावर उशी दाबली होती, आणि वर लिहिलं होतं की याला श्वास घेता येत नाही.

आधी म्हटलं, उद्या सांगू. उद्याचा परवा झाला. मग तुला दुकानांतले फ्रीझर दुरुस्त करायचं काम मिळालं. म्हटलं, आता कुठे घडी बसतेय, कशाला विस्कटा. बघ, भित्र्या माणसाला किती शहाणपण सुचतं! मागच्या वर्षी तुमच्याकडे जेवायला आलो होतो, आठवतंय? तू पाणी भरायला आत गेलास तेव्हा वहिनी म्हणाली, "भावजी, तुम्ही खरं तेच लिहिलंत, यांच्या मनात काही नाही. फक्त सुट्टीच्या दिवशी वही घेऊन बसतात. कुठं चुकलं ते शोधतात." मी मान डोलावली. वर आणखी भात वाढून घेतला.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, इथे तर चोर संन्याशाच्याच घरी जेवून आला.

आज एवढंच लिहून होतंय. पण हे पत्र फाडणार नाही. याआधी तीन फाडली.


गुरुवार, १२ मार्च
दुपार

काल संपादकबाईंना सगळं सांगितलं. फिल्म त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"वीस महिने झाले."

"वीस दिवस म्हणाला असतात तर मी तुम्हाला पाठीशी घातलं असतं," त्या म्हणाल्या. "चूक कुणाकडूनही होते हो. पण वीस महिने?"

एप्रिलच्या अंकात पहिल्या पानावर दुरुस्ती येईल, माझ्या नावासकट आणि तुझ्याही. कार्ड कुणी बनवलं हे मी तेव्हा छापलं नव्हतं, आता छापायला सांगितलं. तुमच्या जुन्या कंपनीलाही आजच पत्र गेलं. एक तारखेपासून मी तपासणीच्या टेबलावर नाही. दुसरीकडे कुठे ठेवायचं की घालवायचं ते त्या ठरवतील, आणि त्या जे ठरवतील ते मला मान्य आहे. हे तुझ्या दयेसाठी लिहीत नाही. कुणी दुसऱ्यानं सांगण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितोय.

कालपासून आज दुपारपर्यंत तिन्ही कार्डं पुन्हा मोजली. मी हात लावला नाही. आमच्याकडे एक नवी तपासनीस आलीय, ती तुला ओळखत नाही आणि मला फारशी मानत नाही, त्यामुळे तिच्यावर विसंबायला हरकत नाही. तिनं पट्ट्यांच्या दोन्ही बाजू मला दाखवून सोलल्या. प्रत्येक कार्ड तीनदा मोजलं.

तर हे घे कूलिंग. अर्ध्या तासानंतर मेमरी: काळं ब्याण्णव अंश, लाल शहाऐंशी, पांढरं एक्क्याऐंशी. दोन वर्षं जुनं कार्ड, दादा! ओव्हरक्लॉकला अकरा टक्के जादा वेग, आणि पाच तास न कुरकुरता चाललं. पंखे इतके शांत की ते फिरतायत का बघायला ती पोरगी कान लावून वाकली. म्हणाली, "हे कुणी केलंय? आणि आता का नाही मिळत?" मी सांगितलं तिला. दोन्ही प्रश्नांची उत्तरं दिली.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. ठकीसाठी काळं घेऊ नकोस, लालही घेऊ नकोस. नव्या कार्डांइतके घोडे पांढऱ्याच्या अंगात नसतील, पण शिकणाऱ्या पोरीला पुरून उरेल, आणि पाच-सहा तासांच्या कामाला याच्यासारखं टिकणारं दुसरं नाही. दुकानात ते मिळायचं नाही, माझ्यामुळे. पण तुझं स्वतःचं एक माळ्यावर खोक्यात आहे. वहिनी बोलली होती, कुणाला दाखवत नाहीत म्हणून. ते खाली काढ. पोरीला सांग, हे तुझ्या बापानं केलंय.

आणि आता तुझ्या पत्राची ती शेवटची ओळ. "परवा पांढऱ्याचं गणित पुन्हा मांडलं. चूक अजून सापडत नाही."

सापडणार नाही, दादा. वही मिट. गणित पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बरोबर आहे. दोन वर्षं तू जी चूक शोधतोयस ती या पत्रासोबतच्या छोट्या पाकिटात आहे. खिडकीपाशी नेऊन उजेडात धर, नाहीतर दिसायची नाही.

क्षमा कर असं लिहायला हात धजत नाही. तू फोन करून नुसतं "हं" म्हणालास तरी मी ऐकेन. नाही केलास तरी समजेन.

वहिनीला हे पत्र वाचायला दे. ठकीला तू म्हणशील तेव्हा.

ज्याच्या आकड्यांवर तू भरवसा ठेवलास तो,
बारक्या